राजीखुशी

"द्वारके, बरोबर काय न्यायचंय गं आपल्याला?"

गोदूआत्यानं हे विचारलं तेव्हा मी उलटी करून नुकतीच आडवी झाले होते. तोंड कडू पडलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि पायाशी आत्या. तिनं शिरा आणला होता. डबा उघडून तिनं माझ्या नाकाशी धरला. मी मान फिरवली, तशी तिनं झाकण लावलं आणि डबा परत आपल्या पिशवीत ठेवून दिला.

"काय न्यायचंय म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, रिकाम्या हातानं आलो, रिकाम्या हातानं जायचं. मुरलीला पोरंबाळं आहेत. तुला पुढं कोण आहे? भावाचं मन कशाला मोडायचं आता शेवटी शेवटी?"

'शेवटी शेवटी' हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं, की मला क्षणभर वाटलं ती दिवाळीला येणार का म्हणूनच विचारतेय.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पन्नाशीला टेकले होते. बार्शीत, कासार गल्लीत आमचं घर. लग्नानंतर वर्षाच्या आतच मी माहेरी परत आले ती आलेच. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, जाताना घर आम्हां दोघां भावंडांच्या नावावर केलं. मागची बाजू आणि वरचा मजला मुरलीचा, रस्त्याकडच्या पुढच्या दोन खोल्या माझ्या. एकीत मी राहायचे, दुसरीत शिवणाचा क्लास चालवायचे. गल्लीतल्या निम्म्या पोरींनी पहिला ब्लाउज माझ्यासमोर बेतला आणि पहिल्यांदा बिघडवला.

मुरली माझा धाकटा भाऊ. तो वाईट नव्हता. माझं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तोच बसून होता, आणि डॉक्टर बाहेर आले तेव्हा आधी तोच उठून धावला. पण त्याला पुढच्या खोल्या पाडून बिपिनसाठी, म्हणजे त्याच्या मुलासाठी, दुकान काढायचं होतं. कित्येक वर्षं तो मागत होता, मी नाही म्हणत होते. मला गाठ निघाली आणि त्यानं मागणं सोडलं. आता त्याच्या वतीनं बाकीचे मागत होते.

आणि नुसतं खोल्यांचंच नव्हतं. भेटायला येणाऱ्यांची नजर आधी माझ्यावर पडायची, मग फडताळावर. शेजारच्या मंगलवहिनी माझा हात हातात घेऊन रडल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे घंगाळ काय जड आहे हो! असलं तांबं आता मिळत नाही."

"न्या," मी म्हटलं.

"छे, छे, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"न्या हो. मला काय करायचंय?"

नेलं. कुणी समई नेली, कुणी कात्री नेली, एकीनं तर भिंतीवरचं घड्याळ नेलं. मी देत सुटले होते. आणि खरं सांगते, देताना बरं वाटायचं. पण त्या बरं वाटण्याच्या आत एक सौदा होता. एकेक वस्तू देत होते आणि मनातल्या मनात वर बघून म्हणत होते, घे, हेही घे, आता तरी मला सोड. आग लागलेल्या घरातून माणूस सामान बाहेर फेकतो तसं माझं देणं चाललं होतं. ते कुणाच्या हातात पडतंय, हे मी बघतही नव्हते.

गोदूआत्या गेली त्याच संध्याकाळी मी मुरलीला हाक मारली.

"कागद कर," मी म्हटलं. "सोडते हक्क."

तो माझ्या कॉटजवळ खाली बसला आणि हमसून हमसून रडला. "अक्का, तू असेतोवर तुला कोणी हलवणार नाही गं. तुझी खोली ती तुझीच."

दारात त्याची बायको रजनी दुधाचा पेला घेऊन उभी होती. रजनी अशी, की घरात तिचा आवाज आला तर समजावं, पाहुणे आलेत आणि ती चहाला साखर किती, ते विचारतेय. ती पेला ठेवून गेली.

सोमवारी दस्त नोंदणीच्या कचेरीत जायचं ठरलं.

त्याच्या आधी माझा औषधाचा डोस होता. बार्शीला कॅन्सरचा मोठा दवाखाना आहे, लांब लांबच्या खेड्यांतून माणसं येतात. सलाईन लावून आम्हां बायकांना एका ओळीत निजवायचे. त्या दिवशी माझ्या शेजारी एक नवीन बाई होती. वाळून काटकी झालेली, दात मिश्रीनं काळे, आणि कपाळावर हे एवढं ठसठशीत गोंदण. तिची मुलगी पायाशी उभी होती, तिशीची असेल. गळ्यात काही नाही.

माझ्या उशाशी केळं होतं. बाईनं ते पाहिलं.

"खानार हायस का?"

"नाही. मळमळतंय."

"मग आण हिकडं."

दोन घासांत तिनं केळं संपवलं आणि साल मुलीच्या हातात दिली. नाव केराबाई. भूमकडच्या कुठल्याशा वस्तीवरची. मुलगी सुनंदा. केराबाईला गर्भपिशवीचा कॅन्सर होता. हे औषध आणि शिवाय रोज शेक, म्हणजे ते किरणांचं यंत्र. खेड्यातली माणसं त्याला शेकच म्हणायची. शेक रोजचा, म्हणून गावी जाता येत नव्हतं.

माझ्या पिशवीत माझी इरकल साडी होती. वॉर्डातल्या आयाला द्यायला नेली होती. केराबाईचं विटलेलं लुगडं बघून मला वाटलं, हिलाच द्यावी. मी साडी तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं अंगठ्यानं पोत पाहिला. "चांगलं हाय. का देतीस?"

"असंच. आता मला काय..." आणि माझ्या तोंडून ते आत्याचंच वाक्य निघालं, "बरोबर काय न्यायचंय?"

केराबाईनं साडी उचलली आणि माझ्या पोटावर फेकली.

"मग मसणात टाक की. मला कशाला? मी हितं मराया आले न्हाई."

"आये, गप बस," सुनंदा कुजबुजली.

"का गप बसू? तिला नगं झालंय म्हनून मला देतीया." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "देयाचंच आसंल तर टेकाया जागा दे, बाई. धर्मशाळा भरलीया. स्टँडवर पडतो आमी दोघी, तर तिथला शिपाई काठी आपटून उठवतोय. ही साडी नेसून स्टँडवर झोपू व्हय?"

"जागा माझ्याकडं नाही."

"घर न्हाई तुला?"

"आहे. दोन खोल्या आहेत. पण सोमवारी भावाला लिहून देणार आहे."

"आन तू कुटं ऱ्हाशील?"

"राहू देईल तो मला. असेतोवर."

केराबाई हसली. तिला हसताना खोकला आला, सुनंदानं पाठ चोळली, तरी ती हसतच होती.

"म्हंजी तू बी स्टँडवरच की!"

मला राग आला. इतका आला, की त्या दिवशी उलटीसुद्धा झाली नाही. घरी येऊन मी भिंतीकडं तोंड करून पडले आणि तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. एवढी चांगली साडी दिली, तर वर तोंड करून बोलते. कोण, कुठली, दोन घास केळ्याची भुकेली. पण रागानं एक झालं. ऑपरेशन झाल्यापासून मी पहिल्यांदाच मरणाचं सोडून दुसऱ्या कशाचा तरी विचार करत होते.

सोमवारी आम्ही रिक्षानं कचेरीत गेलो. मी, मुरली, आणि साक्षीदार म्हणून गोदूआत्या आणि तिचा जावई. पत्र्याच्या शेडखाली टंकलेखन करणाऱ्यानं कागद पुढं केला, मी सही केली. मग आत साहेबांसमोर उभं केलं. साहेबांना सर्दी झाली होती. ते रुमालानं नाक पुसत, कागदावरची नजर न उचलता एकेकाला विचारत होते. माझी पाळी आली.

"वाचलंत? समजलं?"

"हो."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव नाही?"

दिवसभरात हा प्रश्न ते कितीजणांना विचारत असतील. उत्तर ऐकायला थांबतही नसतील. त्यांचा हात शिक्क्याकडं गेला होता. पण मला तो प्रश्न त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे दबाव नाही."

"नाही म्हणजे राजीखुशी नाही."

साहेबांनी मान वर केली.

"सही माझी आहे," मी म्हटलं. "मर्जी माझी नाही."

"अहो साहेब, औषधानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय," गोदूआत्या पुढं झाली. "तुम्ही मारा शिक्का."

"डोक्यावर परिणाम झाला असेल, तर मग मला मुळीच नोंद करता येणार नाही, आजी," साहेब म्हणाले आणि कागद बाजूला सारला. "पुढचे कोण?"

बाहेर आल्यावर मुरलीनं मला पायऱ्यांवरच गाठलं. रागानं तो लाल झाला होता, आणि त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. गावातली चार ओळखीची माणसं बघत होती.

"चारचौघांत माझं नाक कापलंस, अक्का. मी तुझा जीव घ्यायला टपलोय असं वाटलं असेल लोकांना."

"तू टपलेला नाहीस. मला ठाऊक आहे."

"मग? मरताना माणूस सगळं माफ करतं, सगळं सोडतं. आणि तू?"

"मी मरताना वागत नाहीये, मुरली. मी जिवंतपणी वागतेय."

"आणि कुणाला देणार आहेस त्या खोल्या? बरोबर घेऊन जाणारेस?"

"बघते प्रयत्न करून," मी म्हटलं.

तो रिक्षात बसून निघून गेला. गोदूआत्या त्याच्या शेजारी बसली, जाताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी दुसरी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, स्टँडवर घे.

स्टँडच्या मागच्या भिंतीशी केराबाई गोधडीवर बसली होती. सुनंदा तीन दगडांच्या चुलीवर काहीतरी रटरटवत होती. मला बघून सुनंदा उभी राहिली. केराबाई बसूनच होती.

"चला," मी म्हटलं. "जागा आहे."

मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "लई उशीर केलास. ते पिठलं खाली उतरव गं सुनंदा, रिक्षात सांडंल."

त्या दोघींना मी शिवणाच्या खोलीत उतरवलं. मशिनी भिंतीला लावल्या, सतरंजी टाकली. तासाभरात माझ्या खोल्यांतून मागं त्याच्या बाजूला जाणाऱ्या बोळाचं दार मुरलीनं पलीकडून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला पाणी नव्हतं. टाकी मागं, त्याच्या बाजूला. मी विचारायला गेले नाही, आणि सुनंदा कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या नळावरून घागरी आणू लागली.

केराबाईला सांभाळणं सोपं होतं असं कोण म्हणेल? पंखा आपल्याकडंच फिरवून घ्यायची. चहा गोड नाही म्हणून ओरडायची. मिश्री लावून माझ्याच मोरीत थुंकायची, आणि मी बोलले की म्हणायची, "मग कुटं थुकू, तुझ्या भावाच्या दारात?" उपकार मानणं तिला ठाऊकच नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, माझ्या घरात राहता, निदान नीट तरी बोला!" ती म्हणाली, "नीट बोलून ऱ्हायाचं आसतं तर सुनंच्या घरात ऱ्हायले आसते."

आम्ही भांडायचो. मी कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी भांडत होते. आजारी झाल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. सगळे कसे मऊ मऊ बोलायचे, मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

थंडी पडली होती. केराबाईला गार पाण्यानं हुडहुडी भरायची. "मोठं भांडं न्हाई का गं तुझ्याकडं? पानी तापवाया?"

"होतं. घंगाळ होतं. देऊन टाकलं."

"कुनाला?"

"शेजारी."

"मग जा की आन. तू काय मेलीस व्हय अजून?"

मी डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि मंगलवहिनींच्या दारात गेले. घंगाळात त्यांनी जास्वंद लावली होती.

"माझं घंगाळ द्या, वहिनी."

"अगं बाई! पण तुम्ही तर दिलं होतं ना?"

"दिलं होतं. मी मरणार म्हणून दिलं होतं. अजून मेले नाही, आणि अंघोळीला पाणी लागतंय."

त्यांच्या तोंडाचा आ मिटेना. मीच जास्वंद मुळासकट काढून त्यांच्या पायरीवर ठेवली, घंगाळ विसळलं आणि गल्लीतून काखेत मारून आणलं. डाव्या बाजूचं ऑपरेशन, म्हणून उजव्या काखेत. केराबाईनं ते बघून मान हलवली. तिच्याकडून एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

दुपारी बरं वाटलं की मी सुनंदाला मशीनवर बसवायचे. तिचा हात चांगला होता. केराबाई पडल्या पडल्या बघायची. एक दिवस म्हणाली, "मला झंपर शिव एक."

मी तिचं माप घेतलं. हाडांवर टेप कुठं टेकवावा कळेना.

"जरा ढिलं शिव," ती म्हणाली. "मी भरनार हाय आता."

ती भरली नाही. पुढच्या महिन्यात शेक थांबवावा लागला. डॉक्टरांनी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलं, गावी न्या. सुनंदा कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानात जाऊन भावाशी बोलून आली आणि मशीनशी जाऊन बसली. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "दादा म्हनला, तिकडंच काय ते करा."

"मग इथंच करू," मी म्हटलं.

केराबाई सकाळी गेली. चहा मागितला, तोंडाशी नेला, गोड कमी आहे म्हणाली आणि मान टाकली. सुनंदा हंबरडा फोडून रडली. मी रडले नाही. मी तिला अंघोळ घातली, ते नवं झंपर घातलं. ते तिच्या अंगावर लोंबत होतं. मग इरकल नेसवली. या वेळी फेकायला ती नव्हती.

नगरपालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. आमची गल्ली अरुंद, आत गाडी येत नाही. घरापासून तिथपर्यंत खांद्यावर न्यावं लागणार होतं. तिरडी माझ्या ओट्यावर बांधून तयार झाली. गल्लीतले पुरुष आपापल्या दारात उभे राहिले होते. एरवी कुणी गेलं की सांगावं लागत नाही, माणसं टोपी घालून येतातच. आज कुणी उंबरा ओलांडेना.

समोरचे काशिनाथराव तेवढे दोन पावलं पुढं आले.

"द्वारकाबाई, तिच्यातली माणसं बोलवा कुणी."

"तिच्यातली म्हणजे?"

"म्हणजे... कोण, कुठली, कोणातली ते आम्हाला काय ठाऊक?"

"ती आता मेलेल्यांतली आहे," मी म्हटलं. "मेलेल्यांतलं कुणी खांद्याला येईल असं मला वाटत नाही. जिवंतांतलंच कुणीतरी लागेल."

ते मागं सरकले. गाडीचा ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी बिडी ओढत उभा होता. त्यानं बिडी विझवली आणि आला. "एक बाजू मी धरतो, मावशी." पुढची एक बाजू सुनंदानं घेतली. तिसरी मी. गल्लीत कुजबूज झाली, बायका खांदा देणार म्हणून. चौथी बाजू तशीच रिकामी. तिघांनी उचललं असतं तर वाटेत कलंडली असती.

मुरली वरच्या सज्जात उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नजर खाली वळवली.

मग बोळाचं दार वाजलं आणि रजनी बाहेर आली. तिनं पदर कमरेला खोचला होता, मनगटाला पीठ लागलेलं होतं.

"रजनी!" वरून मुरली ओरडला. "कुठं निघालीस?"

तिनं वर पाहिलं. "पोळ्या झाल्यात," ती म्हणाली. "झाकून ठेवल्यात."

आणि माझ्या शेजारी येऊन तिनं चौथा दांडा खांद्यावर घेतला.

केराबाईचं वजन काहीच नव्हतं. पण मला तेवढंही पेलत नव्हतं. उजवा खांदा दिला होता तरी डावीकडची शिवण ताणली जात होती. मध्येच माझ्या डोक्याचं फडकं सुटून खांद्यावर पडलं. भर उन्हात, भर गल्लीत, माझं तुळतुळीत डोकं. आतापर्यंत ते मी आरशालासुद्धा दाखवलं नव्हतं.

"अगं बाई, पदर घे डोक्यावर!" कुठल्याशा दारातून आवाज आला.

"हात गुंतलेत!" मी ओरडले.

शेजारी रजनी फस्सकन हसली. तिरडीखाली. मग तिनं ओठ दाबले, पण मी ऐकलं होतं. बावीस-तेवीस वर्षं ती आमच्या घरात होती, आणि तिचं हसू कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

गाडीत ठेवताना मागं वळून पाहिलं तर काशिनाथराव आणि आणखी तिघेचौघे टोपी घालून मागून आले होते. सगळ्यांच्या मागं मुरली. तो गाडीत चढला नाही. पण हात जोडून उभा होता. अग्नी सुनंदानं दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. संध्याकाळी माझ्या नळाला पाणी आलं. कुणी सोडलं ते मी विचारलं नाही. मुरली पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मग एका भाऊबीजेला ताटावर येऊन बसला, जेवला, आणि त्या विषयावर आजतागायत आम्ही एक शब्द बोललेलो नाही. बिपिननं बाजारात दुकान काढलं, ते बरं चालतं. सुनंदा आईचे दिवस करून पंधरवड्यानं परत आली ती माझ्याकडंच राहिली. आता क्लास तीच चालवते. गोदूआत्या मात्र रुसलेलीच वारली. आणि मी? मी मरणार होते ते राहिलंच. डॉक्टर दर वर्षी तपासतात आणि त्यांनाही बहुधा नवल वाटतं. कधी ना कधी जाईनच, त्यात काय.

पण मला जास्त आठवतो तो दुसरा दिवस. सुनंदा अस्थी घेऊन गावी गेली होती. माझा डोस होता, म्हणून मी एकटीच दवाखान्यात गेले. खोली रिकामी होती. सकाळी रजनीनं येऊन ती धुऊन दिली होती.

सलाईन संपवून बाहेर आले तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. शेजारी वळकटी, वळकटीला टेकून त्याची बायको. डोळे मिटलेले, ओठ कोरडे पडलेले. म्हातारा तिला टोपीनं वारा घालत होता. कळंबकडचे होते, बोलण्यावरून कळलं.

"झोपता कुठं तुम्ही?" मी विचारलं.

"बगतो की कुटंतरी. धर्मशाळेत नाव दिलंय."

"माझ्याकडं खोली आहे. चला."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. बोडकं डोकं, मनगटाला सलाईनची पट्टी, भिंतीचा आधार घेऊन उभी राहिलेली मी.

"अवो बाई," तो म्हणाला, "तुमीच तर आजारी दिसताय."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच म्हणतेय, लवकर उठा. रिक्षा उभी आहे."